प्रथमोपचार शिकवता, मग कायदा पण सांगा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात मांजरसुंबा-केज रोडवरच्या ॲक्सिडेंटची बातमी आली, खाली एक ओळ होती की बघ्यांची गर्दी झाली पण मदतीला कोणी पुढं आलं नाही. मी त्या गर्दीत होतो म्हणून हे पत्र लिहितोय, आणि जरा मोठं लिहितोय, कापायचं असेल तर कापा पण कायद्याचा भाग कापू नका.

एक पोरगं पुढं आलं होतं साहेब. रोडकडच्या हॉटेलात चहा देणारं, असंल एकोणीस-वीस वर्षांचं. उसाच्या डबल ट्रॉलीला मागून मोटरसायकल घुसली होती, ट्रॉलीला मागं ना लाल लाईट ना रेडियम, मोटरसायकलवाल्याच्या मांडीतून रक्त उसळ्या मारत येत होतं आणि ह्या पोरानं गळ्यातला गमजा काढून जखमेवर दोन्ही हातानं दाबून धरला. मी पोचलो तेव्हा चार जण त्यालाच ओरडायले होते, "सोड रे, अंगावर येईल, पोलीस तुलाच धरतेल." त्यानं सोडलं नाही, पण रडायला लागला, मला म्हणला, "मामा, माझं नाव कुणाला सांगू नका." रक्त बघून नाही रडला, पोलिसाच्या भीतीनं रडला. तो माणूस अंबाजोगाईला जिवंत पोचला तो त्या गमज्यामुळं, बाकी आम्ही सगळे नंतर आलो.

त्याच जागेवर दुसरीकडं काय चालू होतं ते पण सांगतो. एक जण बाटलीनं त्या अर्धवट शुद्धीतल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतायला लागला होता, दुसरा हेल्मेट ओढायला लागला होता, तिसरा म्हणत होता की हात-पाय धरून टाका पिकअपमधे. तिघांच्या मनात काही वाईट नव्हतं. म्हणजे बघा, ज्याला बरोबर काय ते जमत होतं त्याला कायद्याची भीती, आणि ज्यांना भीती नव्हती त्यांना काय करायचं ते माहीत नाही. आपल्याकडं ट्रेनिंग झालंच तर बाहुलीच्या छातीवर दाबून दाखवतात, फोटो काढतात, सर्टिफिकेट देतात. पण छातीवर दाबताना बरगडी मोडली तर माझ्यावर केस होईल का, हे विचारणाऱ्या माणसाला उत्तर कोणी देत नाही, आणि ते उत्तर मिळाल्याशिवाय तो माणूस रोडवर हात लावणार नाही हे मी लिहून देतो.

माझी ओळख एवढीच की तालुक्यातल्या एका संस्थेच्या अँब्युलन्सवर मी ११ वर्षं ड्रायव्हर होतो. १०८ सुरू झाली २०१४ ला, तिच्यात डॉक्टर असतो, आमच्या गाडीत मी आणि एक हेल्पर, बस. जे शिकलो ते थोडं ट्रेनिंगमधे आणि जास्त चुकून शिकलो. त्यातली एक चूक इथं सांगणार आहे कारण तिच्यात डॉक्टरकी आणि कायदा दोन्ही एकात एक गुंतलेलेत.

एका रात्री कॉल आला, गाडी घसरून माणूस पडलाय. गेलो तर माणूस उठून बसलेला, कानापाशी खरचटलेलं, थोडी घेतलेली. म्हणला मला काही झालं नाही, मी येत नाही, घरी सोडा. मी दोनदा म्हणलो चला, तो चिडला, शिव्या द्यायला लागला. मग मी लॉगबुकच्या मागच्या पानावर लिहिलं की पेशंटनं यायला नकार दिला आणि त्याची सही घेतली. मला वाटलं आपलं काम कायदेशीर झालं, सही आहे आपल्याकडं. पहाटे त्याच्या भावाचा फोन आला, उलट्या करायलाय आणि उठवलं तर उठत नाही. डोक्याच्या आत रक्त जमत होतं. असा माणूस आधी चांगला बोलतो, चालतो, आणि तासा-दोन तासांनी ढासळतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. तो वाचला पण पहिल्यासारखा राहिला नाही. ती सही अजून माझ्याकडं आहे. तिची किंमत शून्य आहे, कारण ज्याच्या डोक्याला मार लागलाय, ज्यानं दारू घेतलीय, त्याचा नकार हा नकारच नसतो. शुद्धीतल्या, समजदार, प्रौढ माणसाला उपचार नको म्हणायचा हक्क आहे, त्याला ओढून गाडीत घालता येत नाही, पण आधी तो समजण्याच्या स्थितीत आहे का ते बघायचं असतं. नंतर मला एका डॉक्टर मॅडमनी चार प्रश्न शिकवले: नाव काय, आपण कुठं आहोत, आज वार कोणता, आत्ता काय झालं. चारातलं एक जरी चुकलं तरी सही घ्यायची नाही, घरच्यांना बोलवायचं, गाडी हलवायची नाही, मनवत राहायचं. चारी बरोबर आले तरी त्याला स्पष्ट सांगायचं की न आल्यास काय होऊ शकतं, आणि मग साक्षीदारासमोर सही. आता सांगा, हे चार प्रश्न मेडिकल आहेत का लीगल? मला तर दोन्हीत फरकच करता येत नाही.

आता बेशुद्ध माणसाचं. त्याची परवानगी कुणाला विचारायची? लोक म्हणतात नातेवाईक येऊ द्या. नाही. जीव धोक्यात आहे, माणूस बोलू शकत नाही, विचारायला घरचं कोणी नाही आणि थांबायला वेळ नाही, अशा वेळी त्याच्या भल्यासाठी प्रामाणिकपणे केलेली गोष्ट गुन्हा धरत नाहीत. भारतीय न्याय संहितेत ते कलम ३० आहे, जुन्या आयपीसीत तेच ९२ होतं. लहान लेकरू असेल आणि आईबाप जवळ नसतील तर तेच. तरीही लेकरू विहिरीतून काढलंय, श्वास नाही, आणि माय-बाप शेतातून येईपर्यंत वाट बघत बसणारे लोक मी बघितलेत, ते बघवत नाही.

रोडच्या ॲक्सिडेंटला तर आणखी मजबूत कायदा आहे. सुप्रीम कोर्टानं ३० मार्च २०१६ ला मदत करणाऱ्याच्या बाजूनं निकाल दिला, मग २०१९ ला मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन कलम १३४-अ आलं. त्याचा अर्थ साध्या भाषेत असा की तुम्ही स्वतःहून, चांगल्या मनानं, पैशाची किंवा बक्षिसाची अपेक्षा न ठेवता जखमीला मदत केली आणि त्यात तुमच्याकडून काही चुकलं, त्याला इजा झाली किंवा तो गेला, तरी तुमच्यावर ना दिवाणी दावा ना फौजदारी केस. २०२० च्या नियमात पुढं आहे की पोलिसानं नाव-पत्ता-फोन सांगायची जबरदस्ती करायची नाही, दवाखान्यानं अडवून ठेवायचं नाही, पैसे मागायचे नाहीत. साक्षीदार व्हायचं का नाही ती त्याची मर्जी. झाला तर जबाब त्याच्या सोयीच्या जागी, घरी नाहीतर दुकानावर, एकाच वेळी घ्यायचा, परत परत ठाण्यात बोलवायचं नाही. आणि हे सगळं मराठीत पण बोर्डावर लिहून प्रत्येक दवाखान्याच्या दाराशी नाहीतर दिसेल अशा जागी लावायचं, असं नियमातच आहे. मी ह्या महिन्यात पाच दवाखान्यांची दारं बघून आलो, सरकारी पण आणि खाजगी पण. शांतता राखा आहे, चप्पल बाहेर काढा आहे. हा बोर्ड एकाही दारावर नव्हता.

गोल्डन अवर हा शब्द आता सगळे वापरतात, तो पण २०१९ पासून कायद्यात लिहिलेला आहे, मार लागल्यापासूनचा पहिला एक तास. मागच्या काळात त्या तासात जखमीला दवाखान्यात पोचवून जीव वाचवणाऱ्याला केंद्र सरकारचे ५,००० होते, २०२५ पासून २५,००० केलेत, राहवीर नाव दिलंय. चांगलंय, पण आमच्याकडचा माणूस पैशासाठी थांबलेला नाही, ठाण्याच्या चकरांसाठी थांबलाय. त्या पोराला २५,००० चं सांगितलं तर म्हणला, "ते राहू द्या मामा, मला बोलवतील का तेवढं सांगा."

एक गोष्ट मात्र ट्रेनिंग देणाऱ्यांनी स्पष्ट करायला पाहिजे. हे १३४-अ चं कवच फुकट मदत करणाऱ्या वाटसरूला आहे, पगारावर ड्यूटी करणाऱ्याला नाही. अँब्युलन्सवरच्या माणसाला त्याला जे शिकवलंय त्या मापानं तोलतात. त्यानं शिकवलेलं केलं नाही तरी प्रश्न, न शिकवलेलं केलं तरी प्रश्न. पेशंट हातात घेतला की दुसऱ्या शिकलेल्या माणसाच्या हातात देईपर्यंत सोडायचा नाही, आणि देताना नुसतं स्ट्रेचर ढकलायचं नाही, सांगायचं पण: किती वाजता उचलला, तेव्हा बोलत होता का, रक्त किती गेलं, काय बांधलं, किती वाजता बांधलं. हे कागदावर वेळेसकट लिहायचं. आमच्या पोरांना लिहायचा लई कंटाळा, पण कोर्टात दोन वर्षांनी तोंडचं कोणी मानत नाही. आणि फोटो-व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकणारे अँब्युलन्सचेच पोरं असतेत कधी कधी, ते बंद झालं पाहिजे, उघड्या अंगानं पडलेल्या माणसाची इज्जत ही पण आपल्याच ताब्यात दिलेली असते.

मेडिकल भाग रोडवरच्या माणसाला फार शिकवायची गरज नाही, पण जेवढं शिकवायचं ते पक्कं शिकवा. रक्त उसळतंय तर कापड ठेवून जोरात दाबा आणि काढून बघू नका, भिजलं तर त्याच्यावरच दुसरं ठेवा. चाकू नाहीतर सळई घुसली असेल तर उपसायची नाही, तीच रक्त अडवून बसलेली असते (आणि मारहाणीची केस असेल तर कपडे कापताना भोकातून कात्री घालू नका, ते भोक पुरावा असतं). उंचावरून पडलाय, गाडीवरून फेकला गेलाय तर मान हलवू द्यायची नाही, दोन्ही हातानं डोकं आहे तसं धरून बसा, हेल्मेट काढायची घाई नको, श्वास कोंडत असेल तरच आणि ते पण दोघांनी मिळून. गाडीनं पेट घेतलाय तर मात्र मान-बिन सोडा, आधी बाहेर ओढा. बेशुद्ध आहे पण श्वास चालू आहे, मार लागलेला नाही, तर कुशीवर वळवा म्हणजे उलटी घशात जाणार नाही. पाणी पाजू नका. कांदा हुंगवू नका.

आणि आचके. हे मी प्रत्येकाला सांगतो. हृदय बंद पडलेला माणूस लगेच शांत होत नाही, थांबून थांबून आचके देतो, घुरघुरल्यासारखा आवाज करतो, लोक म्हणतात श्वास चालू आहे, थांबा. तो श्वास नाही. हाक मारली, खांदे हलवले, उत्तर नाही आणि श्वास नीट नाही, तर १०८ ला फोन लावून स्पीकरवर ठेवा आणि छातीच्या मधोमध तळहातानं दाबायला सुरू करा, मिनिटाला १०० ते १२० वेळा, मोठ्या माणसाला ५ ते ६ सेंटीमीटर खोल, दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्या, दमलात की माणूस बदला. बरगडी मोडू शकते, मोडली तरी थांबू नका. "गेला, आता काय उपयोग" हे म्हणायचा अधिकार गर्दीत कोणालाच नाही, अँब्युलन्स ड्रायव्हरला पण नाही, मृत्यू डॉक्टरनं जाहीर करायचा असतो.

आता आपल्या मराठवाड्याचं वेगळं दुखणं. १३४-अ फक्त वाहनाच्या अपघाताला आहे, आणि आमच्याकडं निम्मे कॉल शेतातले. साप, विंचू, फवारणी, मोटरीचा शॉक. तिथं ते कलम ३० आणि आपली अक्कल एवढंच हाताशी.

ऊसतोडीला गेलेले लोक फडाच्या कडंला कोपीत (झोपडीत) जमिनीवर झोपतेत. मण्यार रात्री चावतो, सूज नाही, दुखत जवळपास नाही, बारीक दोन ठिपके तेही दिसतील न दिसतील, आणि पहाटे माणूस म्हणतो पोट दुखायलंय, पापण्या वर उचलत नाहीत. मुकादम म्हणतो रात्रीचं शिळं खाल्लं असेल. पापण्या जड झाल्या की साप समजा आणि निघा. घट्ट दोरी बांधू नका, चिरू नका, चोखू नका, मंदिरात नेऊ नका, हातातलं कडं, अंगठी, जोडवी काढून घ्या, चावलेला हात-पाय हलू देऊ नका आणि चालवत नेऊ नका. साप मारून पिशवीत आणायची काहीच गरज नाही, आपल्याकडं जे इंजेक्शन मिळतं ते नाग, मण्यार, घोणस, फुरसं ह्या चारींवर एकच आहे. लाल विंचवाचं तर औषध प्राझोसिन गोळी आहे हे जगाला दाखवून देणारे डॉ. हिम्मतराव बावस्कर आपल्याच जालना जिल्ह्यातले, त्यांना २०२२ ला पद्मश्री मिळाली, आणि त्यांच्याच मराठवाड्यात अजून विंचू उतरवायला माणूस शोधत फिरतेत.

फवारणीचं विषारी औषध पोटात गेलं असेल तेव्हा तर घरचे खोटंच सांगतात. "उलट्या व्हायल्यात" एवढंच. डबा लपवतात, कारण पोलीस केस होईल. फवारताना अंगावर उडालं असेल तरी लपवतात. डॉक्टरला माहीत नसलं की बरोबर इंजेक्शन द्यायला उशीर, आणि तो उशीरच मारतो. दवाखाना एमएलसी (मेडिकोलीगल केस, म्हणजे पोलिसाला कळवायची केस) करणार, पोलिसाला कळवणार, ते त्यांचं कामच आहे, पण एमएलसी म्हणजे शिक्षा नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम ११५ सांगतं की जीव द्यायचा प्रयत्न केलेला माणूस प्रचंड ताणात होता असंच आधी धरायचं, त्याच्यावर खटला चालवून शिक्षा करायची नाही. हे गावात एकाला तरी माहीत आहे का? म्हणून घरच्यांना माझी हात जोडून विनंती, खरं सांगा, डबा सोबत आणा, मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका, अंगावरचे कपडे काढून साबणानं धुवा (धुणाऱ्यानं हातात कॅरीबॅग घाला), कुशीवर झोपवून आणा. आणि घरात कोणी खचलेलं असेल तर १४४१६ हा सरकारी नंबर आहे, बोलायला माणूस असतो तिथं, फुकट.

दवाखान्याचं पण सांगायला पाहिजे, कारण आम्ही दारात थांबवले गेलोत. "एमएलसी आहे, आधी पोलीस आणा", "पुढं न्या". सुप्रीम कोर्टानं परमानंद कटारा केसमधे २८ ऑगस्ट १९८९ ला सांगितलंय की आधी जीव, कागद नंतर, डॉक्टर सरकारी असो की खाजगी. ती केस कशी झाली माहीत आहे का, एका स्कूटरवाल्याला कारनं उडवलं, दवाखान्यानं सांगितलं आमच्याकडं मेडिकोलीगल होत नाही, वीस किलोमीटर दुसरीकडं न्या, आणि तो रस्त्यातच गेला. ३५ वर्षांच्या वर झाली त्याला आणि ड्रायव्हर म्हणून मी तेच वाक्य ऐकलंय. पैशाचं म्हणाल तर मे २०२५ पासून केंद्राची कॅशलेस योजना आहे, वाहनाच्या अपघातातल्या जखमीला ठरवून दिलेल्या दवाखान्यात ७ दिवसांपर्यंत दीड लाखापर्यंत उपचार. हे ड्रायव्हरला तोंडपाठ पाहिजे, दारात उभं राहून सांगता आलं पाहिजे.

माझी मागणी मोठी नाही. कारखान्यांचा सीझन सुरू व्हायच्या आधी गव्हाणीत मोळी टाकायचा कार्यक्रम असतो, ट्रॅक्टरवाले, मुकादम, ड्रायव्हर सगळे एका जागी येतेत, पुढारी पण येतेत. त्याच मांडवात दोन तास द्या. ग्रामीण रुग्णालयाचा एक डॉक्टर आणि पोलीस ठाण्याचा एक अधिकारी, दोघं एकाच स्टेजवर, एकामागून एक नाही, सोबत. डॉक्टर दाबून दाखवेल आणि शेजारी साहेब वर्दीत उभं राहून म्हणेल की हे केल्यावर मी तुला त्रास देणार नाही. वर्दीतल्या माणसाच्या तोंडून ऐकल्याशिवाय आमच्या लोकांना खरं वाटत नाही. १९९३ ला किल्लारीत पहाटे चारच्या आत भूकंप झाला तेव्हा पहिले हात शेजाऱ्यांचेच होते, मी तेव्हा लहान होतो, आमचे वडील गाडी भरून भाकरी घेऊन गेले होते, ते सांगायचे की लोकांनी नुसत्या हातानं माती उकरली. आपल्याकडं हात कमी नाहीत. त्याच मांडवात ट्रॉल्यांना रेडियम पण लावून टाका, लई खर्च नाही त्याला.

आणि तुम्हाला एक विनंती, कलम १३४-अ आणि २०२० चे ते नियम मोठ्या अक्षरात चौकटीत छापा, एकदाच. मी त्याची कात्रणं लॅमिनेट करून आमच्या रोडवरच्या हॉटेलांत आणि पंक्चरच्या दुकानांत लावतो, पैसे माझे.

त्या पोराचं नाव तुमच्या वार्ताहरानं फोनवर दोनदा विचारलं. ते मी देणार नाही. त्याची इच्छा नाही, आणि कायद्यानं ती त्याची मर्जी आहे.

आपला,
एक जुना अँब्युलन्स ड्रायव्हर
ता. केज, जि. बीड